जमिनीच्या पोटातील वीज : कॉर्नवॉलपासून किल्लारीपर्यंत

‘पुरलेल्या खनिजांचा विजेने शोध’ हा विषय आम्ही जाहीर केला, तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “अहो, निलंग्यात खनिज कोठले? येथे वरती काळी माती, खाली काळा पाषाण. तुमची वीज शोधणार काय?” प्रश्न थट्टेने विचारला होता, पण तो अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. ज्या विद्येचा जन्म तांबे आणि शिसे हुडकण्यासाठी झाला, ती आमच्या भागात आली ती पाणी हुडकण्यासाठी. आणि १९९३ नंतर एका भयंकर रात्रीचे कारण हुडकण्यासाठी. धातूपासून पाण्यापर्यंतचा आणि पाण्यापासून भूकंपापर्यंतचा हा प्रवासच आज आम्हांस सांगावयाचा आहे.

जमिनीखालचे न खोदता जाणावे ही इच्छा फार जुनी. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाचा एक संपूर्ण अध्याय भूमिगत पाण्यासाठी खर्ची घातला आहे. कोणते झाड, त्याच्या कोणत्या दिशेला वारूळ, तेथून किती अंतरावर व किती खोलीवर पाणी, असे त्याचे आडाखे आहेत. आज ते सर्व कोणी मानणार नाही; परंतु वरच्या खुणेवरून खालची वस्तू ओळखावयाची, ही त्यामागील दृष्टी मात्र पुढे शास्त्रानेही स्वीकारली. आमच्या खेड्यांतला पाणाड्या त्याच परंपरेतला. तो हातात दुबेळक्याची काडी धरतो किंवा तळहातावर नारळ ठेवून शेत फिरतो, आणि नारळ उभा राहिला की तेथे पहार ठोकतो. पाणाड्याला हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यात नाही, आणि त्याच्यावर विसंबणाऱ्यांतही नाही. ज्याला बोअरसाठी कर्ज काढावयाचे आहे तो माणूस कोणाला तरी विचारणारच. प्रश्न एवढाच, की ज्याला विचारावयाचे त्याचे उत्तर तपासता येते की नाही.

तपासता येईल असे उत्तर प्रथम मिळाले ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींत. फाल्मथ गावचा रॉबर्ट वेअर फॉक्स हा क्वेकर पंथाचा गृहस्थ खाणीत उतरून तेथील उष्णतामान मोजीत असे. धातूच्या शिरांवर त्याने तांब्याचे पत्रे टेकविले, त्यांना तारा जोडल्या, आणि मध्ये विद्युत्‌प्रवाह दाखविणारे यंत्र ठेवले. सुई हलली! बॅटरी कोठेच नव्हती; ती शीरच बॅटरी होऊन बसली होती. १८३० साली रॉयल सोसायटीपुढे त्याने हे मांडले. कारण पुढे उलगडले ते असे : गंधकयुक्त धातूचा साठा वरच्या अंगाला हवा-पाण्याच्या संपर्काने गंजत असतो, खालच्या अंगाला गंजत नाही, या दोन टोकांतील फरकामुळे दगडातून आपोआप मंद वीज वाहते. फॉक्सला आशा होती की या विजेच्या साहाय्याने नव्या शिरा सापडतील. ती आशा फळास यावयास मात्र ऐंशी वर्षे गेली.

ती फळास आणणारा मनुष्य म्हणजे कॉनराड श्लुंबर्जे. हा आल्सेस प्रांतातील गिरणीमालक घराण्यातला, पॅरिसच्या खाणविद्येच्या विद्यालयात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. त्याची एक गोष्ट सांगतात, की त्याने तांब्याच्या न्हाणीच्या टबात वाळू व निरनिराळे पदार्थ भरून त्यांतून वीज सोडून पाहिली. टबातले खरे ठरल्यावर १९१२ साली त्याने नॉर्मंडीतील व्हाल-रिशे येथे घराण्याच्या मालकीच्या जमिनीवर तोच प्रयोग केला. जमिनीत दोन सळया ठोकून वीज सोडली, आणि भोवताली फिरून फिरून समान विद्युत्‌दाबाच्या रेषांचा नकाशा काढला. जमीन एकजिनसी असती तर त्या रेषा सुबक, नियमित आल्या असत्या. त्या वाकड्या आल्या. आणि त्यांचे वाकडेपण म्हणजेच खालच्या खडकांचे वर्णन, हे त्याने ओळखले. आमच्या मते या विद्येचा खरा शोध हाच. सुई हलते हे फॉक्सने पाहिले होते. सुईच्या चुकण्यालाही अर्थ असतो हे श्लुंबर्जेने पाहिले.

दुसऱ्या वर्षी, १९१३ साली, सर्बियातील बोर येथे त्याने फॉक्सच्याच नैसर्गिक विजेचा उपयोग करून तांब्याचा एक साठा हुडकला. लोहचुंबकाच्या सुईने लोखंड शोधण्याची रीत जुनी होती. पण चुंबकाला न जुमानणारे खनिज पृष्ठभागावरील मोजमापावरून हाती लागल्याचे हे पहिले उदाहरण समजतात. मग महायुद्ध आले. युद्धानंतर, १९१९ साली, वडील पॉल श्लुंबर्जे यांनी कॉनराड आणि त्याचा धाकटा भाऊ मार्सेल या दोघांना पाच लाख फ्रँक देऊ केले; आणि अट घातली ती अशी, की शास्त्राचा लाभ पैशाच्या लाभाच्या वर राहावा. अशी अट घालणारा बाप आणि ती मानून धंदा करणारे पुत्र दुर्मीळच. ५ सप्टेंबर १९२७ रोजी आल्सेसमधील पेशेलब्रॉन येथील तेलविहिरीत त्यांनी तीच मोजणी उभी केली. म्हणजे तारा विहिरीत सोडून, थांबत थांबत, थराथराची रोधकता टिपून घेतली. पुढे तेलाच्या साऱ्या जगाचे काम या एका युक्तीवर चालू लागले. श्लुंबर्जे हे नाव आज तेल-उद्योगात घरोघर झाले आहे. तांब्याच्या शोधात निघालेल्या माणसाला तेलाने मोठे केले, हा इतिहासाचा एक खेळच म्हणावयाचा.

याच काळात अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या ‘ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌स’मध्ये, फ्रँक वेनर याने १९१५ च्या सुमारास मोजणीची एक अत्यंत सोपी रीत सिद्ध केली. ती समजून घेतल्याखेरीज पुढचे समजावयाचे नाही, म्हणून श्रोत्यांनी क्षणभर धीर धरावा.

एका ओळीत, सारख्या अंतरावर, चार सळया जमिनीत ठोकावयाच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज आत सोडावयाची; आतल्या दोन सळयांमध्ये किती विद्युत्‌दाब उमटतो ते मोजावयाचे. चार सळया कशाला, दोन का पुरत नाहीत? कारण सळई आणि माती यांच्या संपर्कालाच मोठा विरोध असतो. दोनच सळया वापरल्या तर आपण जमीन न मोजता सळईचा बूड मोजून बसू. वीज देणारे वेगळे आणि साक्ष देणारे वेगळे ठेवले, की हा दोष टळतो. आता हिशेब पाहा. सळयांतील अंतर १० मीटर आहे, सोडलेली वीज १०० मिलिअँपियर आहे, आणि आतल्या सळयांत ५० मिलिव्होल्ट दाब मिळाला. दाबाला प्रवाहाने भागले की अर्धा ओहम येतो. त्याला अंतराने आणि दोनदा पायने, म्हणजे ६.२८ ने, गुणावयाचे. उत्तर सुमारे ३१ ओहम-मीटर. ही त्या जमिनीची रोधकता. ‘त्या जमिनीची’ म्हणजे कोणत्या? सुमारे त्या अंतराच्या खोलीपर्यंतच्या साऱ्या थरांची मिळून. सळया दूर नेल्या की वीज अधिक खोल शिरते, म्हणून अंतर वाढवीत वाढवीत मोजणी केली तर खोलीचे चित्र मिळते. तेच अंतर कायम ठेवून सळया शेतभर सरकविल्या तर आडव्या बदलांचे चित्र मिळते. सारी विद्या या दोन हालचालींत आहे.

आकड्यांवरून थर ओळखणे मात्र सोपे नव्हे. पहिल्या पिढीत गणिताने काढलेल्या आदर्श वक्ररेषांचे संग्रह छापलेले असत; मोजणीची वक्ररेषा पातळ कागदावर काढून ती त्यांच्यावर ठेवून जुळवावयाची, वधूवरांच्या पत्रिका जुळवाव्यात तशी. हे काम गणकयंत्राच्या स्वाधीन करण्याचा मार्ग १९७१ साली ज्यांनी दाखविला ते हॉलंडमधील डेल्फ्ट येथे संशोधन करणारे घोष हे भारतीय होते, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

आता खनिजांकडे येऊ. या विजेला कोणते खनिज सापडते आणि कोणते सापडत नाही? तांबे व गंधक यांचे संयुग, शिशाचे गॅलिना, पायराइट, ग्रॅफाइट ही विजेला जवळजवळ धातूसारखी वाट देतात. भोवतालच्या खडकाची रोधकता हजारो ओहम-मीटर असेल तर यांची एकाहूनही कमी भरते. पण जस्ताचे प्रमुख खनिज विजेचा मार्ग अडविते. हेमॅटाइट जातीचे लोखंड व क्रोमाइट यांच्याकडूनही फारशी साक्ष मिळत नाही. आणि ग्रॅफाइट तर मोठा ठक आहे. तो खुणावतो तांब्यासारखा, आणि खणले की हाती येते शिसपेन्सिलीतले काळे. आणखी एक अडचण म्हणजे खनिज जर खडकात तिळासारखे विखुरलेले असेल तर कणाकणांत संपर्क नसतो. वीज त्यांच्या भोवतालच्या दगडातूनच जाते आणि रोधकता काही बोलत नाही. येथे श्लुंबर्जेनेच पूर्वी पाहून ठेवलेली एक गोष्ट कामास आली. वीज बंद केल्यानंतरही अशा जमिनीत दाब एकदम शून्य होत नाही, हळूहळू ओसरतो. कारण प्रत्येक धातुकणाच्या पृष्ठभागावर थोडी थोडी वीज साचून राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर या ओसरण्याचे मोजमाप हीच एक स्वतंत्र पद्धत झाली, आणि तांब्याचे विखुरलेले प्रचंड साठे त्या पद्धतीने हाती आले.

आमच्या देशात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सिंहभूमच्या तांब्याच्या पट्ट्यासारख्या ठिकाणी या विद्युत्-पद्धती वापरल्या. १९६१ साली हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था स्थापन झाली आणि या शास्त्राला हक्काचे घर मिळाले. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर खनिजांचे भाग्य सारे पूर्वेकडे गेले आहे. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज घ्या, चंद्रपूरचा कोळसा घ्या, गडचिरोलीचे लोखंड घ्या. नकाशावर रंग देऊन पाहिले तर जेथे दख्खनचा काळा पाषाण संपतो तेथेच खाणी सुरू होतात.

तेव्हा आमच्या स्नेह्यांचा प्रश्न वेगळ्या शब्दांत असा विचारावा लागेल : काळ्या पाषाणाखाली काय आहे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर बसून हा पाषाण बनला. सह्याद्रीकडे त्याची जाडी फार आहे. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या वेधात तो नऊशे तीसहून अधिक मीटर भरला. पूर्वेकडे यावे तसतसा तो पातळ होतो, आणि नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला संपतो. तेथे जुना ग्रॅनाइट उघड्यावर आहे. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. त्याच राज्याच्या रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण. ती खाणही अशाच अतिप्राचीन खडकांच्या प्रदेशात आहे. म्हणून ‘आमच्याखालीही सोने असेल काय’ असे कोणी विचारले तर त्यास वेडा म्हणू नये. पण त्यास विजेची अडचण सांगावी. तीनशे-साडेतीनशे मीटर खोलीचा अंदाज घ्यावयाचा तर बाहेरच्या सळया दीड किलोमीटर वा त्याहूनही दूर ठेवाव्या लागतात. त्यात वरची काळी माती अशी, की तिची रोधकता पाच-दहा ओहम-मीटर. सोडलेल्या विजेचा मोठा भाग ती वरच्या वरच पिऊन टाकते. आणि एवढ्या खोलीवर दहा-वीस मीटर रुंदीची एखादी शीर असली तर तिची कुजबूज वर ऐकू येणे जवळजवळ अशक्य. गाडलेला कोळशाचा विस्तीर्ण थर किंवा पाषाणाची एकूण जाडी कळू शकेल. सोन्याची शीर नव्हे.

म्हणून मराठवाड्यात हे यंत्र आले ते पाण्याच्या पाठीमागे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. त्याच सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, आणि चार सळया, तारांची रिळे व हातोडे घेतलेली माणसे आमच्या शिवारांत दिसू लागली. त्यांच्या वहीतले आकडे स्थूलमानाने असे असतात : काळी माती दहाच्या आत, पाणी धरलेला सच्छिद्र किंवा कुजका मांजऱ्या खडक वीस ते पंचेचाळीस, अंशतः झिजलेला सत्तरपर्यंत, आणि अखंड काळा पाषाण शंभराच्या वर, कित्येकदा शेकड्यांत. पाणी कमी आकड्यात असते, एवढे शेतकऱ्यांनाही पाठ झाले आहे.

घोटाळा येथेच होतो. यंत्र पाणी मोजीत नाही. ते रोधकता मोजते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा लाल गेरूसारख्या चिकणमातीचा थर असतो, आणि त्याचाही आकडा कमीच येतो. आम्ही स्वतः अशा एका शेतावर उभे होतो. मोजणी एका खाजगी माणसाने केली होती. आकडा पंचविसाच्या घरात आला, त्याने ‘पाणी आहे’ असे सांगितले, आणि रात्री गाडी आली. दीडशे फुटांच्या पुढे लाल चिखल वर येऊ लागला. मालक म्हणाला, “ओल आहे, चालू द्या.” ती ओल यंत्रासाठी ओतलेल्या पाण्याची होती. पहाटे चार वाजता गाडीवाल्याने फुटांचा हिशेब केला. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून आम्हांस त्या वेळी काही बोलवेना. मोजणारा खोटारडा होता असे आम्ही म्हणणार नाही. आकडा खरा होता. पण एकाच जागी एकच मोजणी करून, शेजारच्या विहिरीत कोणता थर किती हातांवर लागला हे न विचारता, त्याने निकाल दिला. पातळ पण फार वाहक थर आणि जाड पण कमी वाहक थर हे वरून सारखेच दिसतात, ही या पद्धतीची जुनी, पुस्तकात लिहिलेली मर्यादा आहे. तिच्यावर तोड एकच : शेजारच्या विहिरींची साक्ष काढणे. ते करावयास वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात वेळ कोणाजवळ नसतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली. १२ तारखेला पहिली खेप पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. साऱ्या देशाने ती छायाचित्रे पाहिली. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात हजार फुटांचे बोअर ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. या हजार फुटांचा अर्थ काय, हे मात्र थोड्यांनी लक्षात घेतले. तो अर्थ आम्ही पुढे सांगतो, कारण तो ज्या आकड्यावरून कळतो तो आकडा आम्हांस भूकंपाने दिला आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती; पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. निलंग्याच्या पश्चिमेस, औसा तालुक्यातील किल्लारी आणि आसपासची तेरणाकाठची गावे पार गेली. मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात, काहींच्या मते त्याहून अधिक. दगडमातीच्या रुंद भिंतींनी माणसे गाडली, हे खरे. पण जमीन हललीच का? हा प्रदेश तर स्थिर, भूकंपमुक्त ढालीचा म्हणून गणला जात होता. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीत लहान धक्के बसले होते, त्यांचा बोध कोणाला झाला नाही.

भूकंपानंतर हैदराबादच्या संस्थेचे शास्त्रज्ञ आले. भूकंपाचे उगमस्थान काही किलोमीटर खोल. तेथवर सळयांची वीज कोठून पोचणार? म्हणून त्यांनी मॅग्नेटोटेल्युरिक नावाची पद्धत लावली. तिच्यात आपण वीज सोडीतच नाही. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतामुळे आणि दूरदूरच्या विजांच्या कडकडाटामुळे पृथ्वीत जे मंद प्रवाह सतत वाहत असतात, तेच मोजावयाचे. फॉक्सप्रमाणेच निसर्गाच्या विजेवर भरवसा! प्रवाहाचे आंदोलन जितके संथ, तितकी त्याची पोच खोल. या मोजणीत साधारण सहा ते दहा किलोमीटर खोलीवर एक वाहक पट्टा आढळला. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. कोरड्या ग्रॅनाइटात एवढी वाहकता कशी? शास्त्रज्ञांनी उत्तर सुचविले की तेथे भेगांत कोंडलेले द्रव, मुख्यतः पाणी, असावे, आणि त्याच्या दाबाने जुना दुभंग सैल झाला असावा. याविषयी मतभेद आहेत. पण विचार करा, ज्या मुलखात घागरभर पाण्यासाठी बायका रात्र जागवितात, त्या मुलखाखाली सहा किलोमीटरांवर विजेने पाण्याचीच खूण दाखविली.

अनुमान तपासण्यासाठी, आणि एकंदर जमीन डोळ्यांनी पाहण्यासाठी, किल्लारीला खोल वेध घेण्यात आला. त्याची खोली ६१७ मीटर. त्यात काळा पाषाण ३३८ मीटर निघाला. त्याखाली लाव्हापूर्वीच्या गाळाचा अवघा ८ मीटरांचा थर. आणि त्याखाली अखेरपर्यंत, २७१ मीटर, तोच प्राचीन ग्रॅनाइट-नाइस ज्याची टेकाडे देगलूरकडे उघड्यावर दिसतात. अंदाजाच्या रेषा आम्ही पुष्कळ पाहिल्या होत्या; हा दगडाचा प्रत्यक्ष पुरावा.

आता ३३८ मीटरांचे फूट करा : सुमारे अकराशे नऊ. म्हणजे हजार फुटांचा बोअर घेणारा शेतकरी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या साऱ्या लाव्हातून जवळजवळ आरपार जाऊन प्राचीन ग्रॅनाइटाच्या दारात उभा असतो. येथील पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या पट्ट्यात आणि थरांच्या सांध्यांत असते. पावसाने तेच दरसाल भरते. खोल सांध्यांत जे सापडते ते कित्येक वर्षांचे साठलेले, आणि एकदा उपसले की लवकर परत न येणारे. २००९ च्या राज्याच्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रांत साठ मीटरांच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या, खाली वेध घेण्यास प्रतिबंध सांगितला आहे. दोनशे आणि हजार या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते कायद्याला अद्याप बुजविता आलेले नाही.

आमच्या स्नेह्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एवढेच दिले, की किल्लारीचा वेध चार-सहा बोटे रुंदीचा आहे, आणि तो साऱ्या तालुक्याचा नकाशा नव्हे; खाली काय आहे ते एका छिद्राने ठरत नाही. यावर ते म्हणाले, “मग माझ्या शेतात तुमच्या सळया ठोका.” आम्ही त्यांना विचारले, शेजारच्या विहिरीत लाल गेरू किती हातांवर लागला होता? त्यांना ते आठवेना. त्यांचे थोरले बंधू त्या विहिरीवर कामाला होते; त्यांना विचारून कळवितो, म्हणाले.